इंग्रजीतला चा, ची, चे

नोकरीचा अर्ज असो, रजेचा अर्ज असो, की मुलाच्या शाळेत मुख्याध्यापकांना द्यावयाची चिठ्ठी असो; इंग्रजीत लिहिताना आपल्यापैकी अनेकांचा हात शेवटच्या ओळीवर हमखास घसरतो. वर सगळे ठीक असते. तारीख असते, विषय असतो, “रिस्पेक्टेड सर” असते. आणि सहीच्या बरोबर वर लिहिलेले असते “युअर’स फेथफुली”. वाय, ओ, यू, आर, मग वर टांगलेला स्वल्पविराम, आणि मग एस. त्या टांगलेल्या स्वल्पविरामाला इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात, आणि या जागी तो नको असतो. शब्द आहे “युअर्स”, सलग पाच अक्षरांचा. अर्ज वाचणाऱ्या साहेबाची नजर शेवटी सहीवरच जाते, आणि नेमकी तिथेच चूक बसलेली असते.

इंग्रजीची मुळाक्षरे शिकणाऱ्यांसाठी हा मजकूर नाही. ज्यांची दहावी-बारावी झाली आहे, ज्यांना इंग्रजी वर्तमानपत्राचा मथळा कळतो, वाक्य जुळवता येते, पण लिहिताना “हिज” की “हर”, “इट्स”मध्ये ते चिन्ह आहे की नाही, असा प्रश्न पडून पेन थांबते, त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधीच्या आईबापांनी पाचवीत पहिल्यांदा ए, बी, सी, डी पाहिली. आज तेच आईबाप मुलांच्या वह्या तपासायला बसतात. त्यांनाही हे उपयोगी पडेल.

शब्दाचे डोके आणि शेपूट

मराठीत “कोणाचे” हे सांगणारा शब्द वस्तूकडे पाहून बदलतो. त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचे घर. मालक एकच, पण भाऊ आला की चा, बहीण आली की ची, घर आले की चे. इंग्रजीला वस्तूशी काही देणेघेणे नाही. ती फक्त मालक पाहते. मालक पुरुष, की “हिज” : हिज ब्रदर, हिज सिस्टर, हिज हाऊस. मालक स्त्री, की “हर” : हर ब्रदर, हर सिस्टर, हर हाऊस.

घोटाळा इथे होतो. “राहुलचे त्याच्या बहिणीवर प्रेम आहे” हे इंग्रजीत लिहिताना समोर बहीण दिसते, बहीण म्हणजे स्त्री, म्हणून मुलगा लिहून टाकतो “राहुल लव्ज हर सिस्टर”. वाचणाऱ्याला वाटते, राहुलचे भलत्याच कोणा बाईच्या बहिणीवर प्रेम आहे! बरोबर वाक्य “राहुल लव्ज हिज सिस्टर”.

खरे तर मराठी माणसाने ही चूक करण्याचे कारण नाही. हिंदीत “उसका भाई” म्हटले तर तो राहुलचा की सुजाताचा, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत कळते. “तिचा” आणि “त्याचा” हे शब्द नीट पाहा. शब्दाचे डोके, म्हणजे “ति” किंवा “त्या”, मालक कोण ते सांगते. शब्दाची शेपूट, म्हणजे चा, ची, चे, वस्तू कशी आहे ते सांगते. इंग्रजीने फक्त डोके घेतले आणि शेपूट सोडून दिली. म्हणून भाषांतर करताना शेपटीवर हात ठेवा आणि डोके वाचा. “ति” दिसले की हर, माणसाबद्दल “त्या” दिसले की हिज. मुलांना हे एकदा कागदावर करून दाखवा, ती विसरणार नाहीत. वस्तू, संस्था, यंत्र अशा निर्जीव मालकाला मात्र “इट्स” येते. त्याकडे पुढे वळू.

बाबांचा “देअर” नको

मराठीत आपण मोठ्यांना आदराने अनेकवचन लावतो. “माझे वडील निवृत्त झाले. त्यांची पेन्शन कमी आहे.” या “त्यांची”चे शब्दशः इंग्रजी करून अर्जात लिहिले जाते “माय फादर इज रिटायर्ड. देअर पेन्शन इज स्मॉल.” वाचणारा विचारात पडतो. वडील एक, मग हे “देअर” कोण? फॉर्म शिष्यवृत्तीचा असेल आणि उत्पन्नाची चौकशी चालू असेल तर हा प्रश्न साधा राहत नाही. इंग्रजीत व्यक्ती एक, तर शब्दही एकवचनी : “हिज पेन्शन”.

यात अनादर होत नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाचे नाव “द बुद्धा अँड हिज धम्मा” असे ठेवले. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झाला. त्याच्या मराठी अनुवादाचे नाव “भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म”. मराठीत “त्यांचा”, इंग्रजीत “हिज”. तथागतांसाठी बाबासाहेबांनी जो शब्द वापरला तो वडिलांसाठी, गुरुजींसाठी, साहेबांसाठी वापरायला काहीच हरकत नाही. पुस्तकाच्या नावात “हिज”चा एच मोठा छापतात तो शीर्षकातील शब्द म्हणून. एरवी वाक्याच्या मध्ये तो लहानच राहतो.

गंमत अशी की आईबाबत ही चूक फारशी होत नाही. आपल्या घरात बाबा “ते” असतात आणि आई “ती” असते. त्यामुळे आईचे “हर” बरोबर येते आणि बाबांचे “हिज” चुकते. इंग्रजीने निदान या बाबतीत दोघांना एकाच पंक्तीला बसवले आहे.

“आपला” म्हणजे नक्की कोणाचा?

मराठीतला “आपला” हा फार लवचीक शब्द आहे आणि इंग्रजीत त्याला एक असा शब्द नाही. “मिलिंदने आपले पुस्तक आणले” यातील आपले म्हणजे मिलिंदचे, म्हणून “मिलिंद ब्रॉट हिज बुक”. “सुजाताने आपल्या भावाला फोन केला” यातील आपल्या म्हणजे सुजाताच्या, म्हणून “हर ब्रदर”. “मी आपले काम केले” येथे “माय वर्क”. “आपला अर्ज मिळाला” येथे समोरच्याचा, म्हणून “युअर”. आणि “ही आपली वस्ती” म्हणजे तुमची-आमची सगळ्यांची, म्हणून “अवर”. तेव्हा “आपला” लिहायचा झाला की आधी वाक्याचा कर्ता शोधावा, मगच पेन टेकवावे.

“आमचा”चीही तीच तऱ्हा. आपण सहज म्हणतो, आमची आई, आमचे घर, आमच्या आत्या. एकट्याने बोलत असलो तरी आमचीच. मुलाखतीत एकट्या उमेदवाराने “अवर मदर इज अ नर्स” म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटते, याच्यासोबत आणखी कोणी भावंड आले आहे काय! तिथे “माय मदर”. भाऊ-बहीण दोघे मिळून लिहीत असतील तर मात्र “अवर” चालेल.

याच्या उलट, काही ठिकाणी मराठी मालकाचे नावच घेत नाही. मी हात धुतले. त्याने चप्पल काढली. तिने डोळे मिटले. कोणाचे हात, कोणाची चप्पल, हे सांगायची आपल्याला गरज वाटत नाही. इंग्रजीत ते सांगावे लागते : “आय वॉश्ड माय हँड्स”, “ही टूक ऑफ हिज चप्पल्स”, “शी क्लोज्ड हर आईज”. शरीराचा अवयव, अंगावरचा कपडा, पायातली वहाण आली की बहुतेक वेळा माय, हिज, हर जोडावे. दवाखान्यात डॉक्टरांना सांगताना “लेग हर्ट्स” नव्हे, “माय लेफ्ट लेग हर्ट्स”.

स्वतःच्या घराचेही तसेच. “आय लिव्ह इन ओन हाऊस” हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. “ओन” हा शब्द सहसा एकटा राहत नाही. त्याच्या आधी माय, हिज, हर, अवर यांपैकी कोणीतरी लागतेच : “आय लिव्ह इन माय ओन हाऊस”. ओळख करून देताना “मायसेल्फ संतोष” म्हणण्याची सवयही याच कुळातली. तिथे “आय अॅम संतोष” किंवा “माय नेम इज संतोष” एवढे पुरे.

माझा एक मित्र

“माझा एक मित्र बेस्टमध्ये आहे.” इंग्रजीत काय म्हणाल? दहातले आठ जण “माय वन फ्रेंड” म्हणतील. इंग्रजी कानाला ते “माझा एकुलता एक मित्र” असे ऐकू येते. “अ फ्रेंड ऑफ माइन” म्हणावे, किंवा “वन ऑफ माय फ्रेंड्स”. या दुसऱ्या रचनेत फ्रेंड्सचा एस विसरू नये, कारण अर्थ “माझ्या अनेक मित्रांपैकी एक” असा आहे. तसेच “अ माय फ्रेंड” किंवा “द माय बुक” होत नाही. ए, द आणि माय एका जागेवर शेजारी बसत नाहीत. एक बसला की दुसऱ्याने उठायचे.

“माइन” हा दुसऱ्या पंगतीतला शब्द. पहिली पंगत माय, युअर, हर, अवर, देअर यांची. यांच्यापुढे वस्तूचे नाव लागते. दुसरी पंगत माइन, युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स यांची. हे शब्द वस्तूचे नाव गाळून एकटे उभे राहतात. “धिस इज माय बॅग”, पण “धिस बॅग इज माइन”. “हिज” मात्र दोन्ही पंगतींत जेवतो. दुसऱ्या पंगतीतल्या कोणत्याही शब्दात अपॉस्ट्रॉफी येत नाही. आता अर्जाखालचे “युअर्स” का तसे, हेही लक्षात येईल. मराठी अर्जाखाली आपण “आपला विश्वासू” लिहितो, त्यातल्या “आपला”चे काम तिथे “युअर्स” करतो. “डिअर सर” म्हणून सुरुवात केली असेल तर “युअर्स फेथफुली”, आणि नाव घालून सुरुवात केली असेल तर “युअर्स सिन्सिअरली”, अशी जुनी रीत आहे. कार्यालयात आजही चालते.

टांगलेला स्वल्पविराम

“इट्स” आणि “इट’स” यांनी भल्याभल्यांना फसवले आहे. चिन्ह असलेले “इट’स” म्हणजे “इट इज” किंवा “इट हॅज” यांचे आखूड रूप. चिन्ह नसलेले “इट्स” म्हणजे त्याचे, त्या वस्तूचे. “इट’स रेनिंग”, पाऊस पडत आहे. “द कंपनी चेंज्ड इट्स रूल्स”, कंपनीने आपले नियम बदलले. शंका आली की शब्द उघडून पाहावा. “द कंपनी चेंज्ड इट इज रूल्स” असे वाचून बघा, काही अर्थ लागत नाही. म्हणजे तिथे चिन्ह नको. “हू’ज” आणि “हूज” यांचेही हेच. “हू’ज कमिंग?” म्हणजे कोण येत आहे. “हूज अंब्रेला इज धिस?” म्हणजे ही छत्री कोणाची, तिथे डब्ल्यू, एच, ओ, एस, ई असे लिहावे. मोबाईलवर टाइप करताना कीबोर्ड कधी कधी आपणहून चिन्ह घालून देतो. त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

यात शिकणाऱ्याचाच दोष आहे असे मानू नका. जुन्या इंग्रजीत आपल्या षष्ठीसारखा “ईएस” असा प्रत्यय अनेक नामांना लागत असे. पुढे त्यातला ई उच्चारातून गळाला, आणि गळालेल्या अक्षराची खूण म्हणून हे चिन्ह आले. चिन्ह इंग्रजीत रुळले ते सोळाव्या शतकानंतर. “इट्स” हा शब्द तर त्याहून अलीकडचा वाटावा असा आहे. पूर्वी निर्जीव वस्तूलाही “हिज”च म्हणत. १६११ सालच्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराच्या पहिल्या छपाईत “इट्स” हा शब्दच नव्हता. नंतर तो आला तेव्हा बराच काळ छापील पुस्तकांतही त्यात चिन्ह घालत. म्हणजे आज जी चूक म्हणून तांबड्या शाईत गोल होते, ती कधीकाळी साहेबाच्या देशात रीतसर छापली जात होती. तरी परीक्षेत आजचाच नियम पाळावा लागेल, हे वेगळे सांगायला नको.

एक भाऊ की चार भाऊ?

नामाला चा, ची, चे लावायचे तर इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी आणि एस. “मिलिंद’स बुक”, “माय मदर’स नेम”. इथवर सगळ्यांना येते. खरी मेख अनेकवचनात आहे. “माय ब्रदर’स रूम”, चिन्ह एसच्या आधी, म्हणजे एका भावाची खोली. “माय ब्रदर्स’ रूम”, चिन्ह एसच्या नंतर, म्हणजे भावांची, दोघांची किंवा चौघांची मिळून. कानाला दोन्ही अगदी सारखे. फरक फक्त कागदावर. आता हे वाक्य खोलीच्या वाटणीच्या कागदात किंवा मुखत्यारपत्रात आहे असे समजा. एका टिंबाएवढ्या खुणेने खोली एकाची की सगळ्यांची, याबद्दल वादाला जागा होते. अशा कागदावर केवळ या चिन्हाच्या भरवशावर राहूच नये, प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे; आणि दुसऱ्याने लिहून आणलेला इंग्रजी कागद सहीआधी वाचताना चिन्ह एसच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते बोट ठेवून पाहावे. युनियनच्या पत्रातही तसेच. “वर्कर’स डिमांड” एका कामगाराची मागणी होईल, “वर्कर्स’ डिमांड” सगळ्या कामगारांची.

काही शब्दांचे अनेकवचन एस न लागता होते : चिल्ड्रन, मेन, विमेन, पीपल. यांना एकवचनासारखेच, आधी चिन्ह मग एस : “चिल्ड्रन’स”, “विमेन’स”. याचे उत्तम उदाहरण आपल्या नेहमीच्या पाहण्यातले आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापन केलेल्या आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू करणाऱ्या संस्थेचे नाव “पीपल’स एज्युकेशन सोसायटी”. पीपल म्हणजे लोक, तो शब्द आधीच अनेकवचनी, म्हणून चिन्ह एसच्या आधी. पत्रिकांवर, कार्यक्रमाच्या फलकांवर हे नाव कधी चिन्हाशिवाय, कधी चिन्ह शेवटी टाकून छापलेले दिसते. निदान आपल्या माणसांनी तरी ते नीट लिहावे. बाबासाहेब १९१६ साली लंडनला बॅरिस्टरीसाठी ज्या संस्थेत दाखल झाले त्या “ग्रे’ज इन”च्या नावातही हे चिन्ह आहे.

नावाच्या शेवटी एस असेल, जसे विलास, सुहास, देविदास, तर “विलास’स” लिहून “विलासेस” असे उच्चारावे. काही जण शेवटचा एस न घालता नुसते चिन्ह देतात, तेही चुकीचे धरत नाहीत. मात्र एका कागदात दोन तऱ्हा नकोत. दोघांचे मिळून एक दुकान असेल तर “राहुल अँड मिलिंद’स शॉप”, चिन्ह शेवटच्या नावालाच. दोघांची दोन वेगळी दुकाने असतील तर “राहुल’स अँड मिलिंद’स शॉप्स”.

रजेच्या अर्जातली गंमत पाहा. एक दिवसाची रजा “वन डे’ज लीव्ह”, चिन्ह एसच्या आधी. दोन दिवसांची “टू डेज’ लीव्ह”, चिन्ह नंतर. गोंधळ वाटला तर “लीव्ह फॉर टू डेज” लिहून मोकळे व्हावे. तिथे चिन्हच लागत नाही आणि इंग्रजीही स्वच्छ राहते. आमच्या मते अर्जात हीच वाट बरी.

निर्जीव वस्तूला बऱ्याचदा “ऑफ” शोभतो : घराचे छप्पर “द रूफ ऑफ द हाऊस”, टेबलाचा पाय “द लेग ऑफ द टेबल”. देश, शहर, संस्था यांना दोन्ही चालते. “इंडिया’स कॉन्स्टिट्यूशन” म्हटले तरी कळते, पण संविधानाचे अधिकृत इंग्रजी नाव “द कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया” असेच आहे. आणि जिथे नुसते अनेकवचन आहे तिथे चिन्ह मुळीच नको. दुकानाच्या पाटीवर शूज, सारीज, मोबाइल्स यांच्या डोक्यावर उगाच स्वल्पविराम टांगलेला असतो. दारावरच्या पाटीवर “द कांबळेज” लिहायचे असेल तरी चिन्ह नको. तो फक्त कांबळे मंडळींचा समूह आहे.

राहता राहिला “एव्हरी स्टुडंट”चा प्रश्न. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले पुस्तक आणावे. इथे हिज की हर? जुनी पाठ्यपुस्तके “हिज” शिकवीत, जणू वर्गात मुली नाहीतच. मग “हिज ऑर हर” आले. आता “देअर” सर्रास मान्य आहे, आणि ते नवेही नाही. इंग्रजीत या अर्थाने “देअर” अनेक शतके वापरात आहे. एखादे शिक्षक अजून “हिज ऑर हर”चा आग्रह धरतात. परीक्षेपुरते त्यांचे ऐकावे.

आता वही काढा आणि मुलांसह ही वाक्ये सुधारा. एक, “सुजाता कॉल्ड हिज ब्रदर”, फोन सुजाताने स्वतःच्या भावाला केला आहे. दोन, “धिस अंब्रेला इज हर’स”. तीन, “माय वन कझिन लिव्ह्ज इन नागपूर”. चार, “द स्कूल हॅज लॉस्ट इट’स कीज”. पाच, “माय फादर फरगॉट देअर ग्लासेस”. सहा, “चिल्ड्रन्स’ पार्क”.

उत्तरे : एक, हर ब्रदर. दोन, हर्स, चिन्हाशिवाय. तीन, वन ऑफ माय कझिन्स, किंवा अ कझिन ऑफ माइन. चार, इट्स, चिन्हाशिवाय. पाच, हिज ग्लासेस. सहा, चिल्ड्रन’स, चिन्ह एसच्या आधी.